गेमिंगसाठी लॅपटॉप घेताय? ‘फोर जीबी ग्राफिक्स’ एवढंच ऐकून पैसे मोजू नका. स्वस्तातल्या ग्राफिक्स चिपमधला फरक सोप्या भाषेत

बारावीचा निकाल लागला, ॲडमिशनची धावपळ सुरू झाली की घराघरात एक विषय निघतोच. पोराला लॅपटॉप पाहिजे. कारण कॉलेजचं असतं, पण मनात गेमसुद्धा असतो. मग सोयाबीनचे नाहीतर उसाच्या बिलाचे पैसे घेऊन बाप-लेक तालुक्याच्या दुकानात जातात. पोरगा हळूच म्हणतो, “बाबा, याच्यात ग्राफिक्स कार्ड आहे का विचारा ना.” दुकानदार काउंटरवरूनच सांगतो, “दादा, फोर जीबी ग्राफिक्स आहे. काय पण चालवा, अडकणार नाही.”

घरी आल्यावर गेम टाकला की अडकतो. पंखा बुलेटसारखा आवाज करतो आणि पडद्यावरची गाडी धक्के खात चालते. आता काय करणार? लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप मदरबोर्डलाच डाखलेली असते. रॅम वाढवता येते, हार्ड डिस्क बदलता येते, पण ग्राफिक्स चिप नंतर बदलता येत नाही. पहिल्या दिवशी जी घेतली, ती शेवटपर्यंत. म्हणून पन्नास-साठ हजार मोजण्याआधी दहा मिनिटं काढून ही माहिती वाचून घ्या.

ग्राफिक्स चिप करते तरी काय?

लॅपटॉपचा फुल एचडी पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर जवळपास २० लाख ७३ हजार ठिपके होतात. गेम चालू असताना प्रत्येक चित्रात या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके रंगवावे लागतात. हे काम ग्राफिक्स चिप करते.

सेकंदाला किती चित्रं तयार होतात, त्याला एफपीएस म्हणतात. ३० एफपीएस म्हणजे गेम खेळता येतो. ६० म्हणजे मस्त, लोण्यासारखा चालतो. २० च्या खाली गेला की डोकं दुखायला लागतं. चिपची तुलना करायची ती याच आकड्यावर, जीबीवर नाही.

दोन जाती : इनबिल्ट आणि वेगळी

पहिली जात इनबिल्ट ग्राफिक्सची. ही चिप प्रोसेसरच्या आतच असते. तिला स्वतःची मेमरी नसते, लॅपटॉपच्या रॅममधूनच ती उसनी घेते. इंटेलचं यूएचडी आणि आयरिस एक्सई, एएमडीचं व्हेगा, रेडिऑन ६१०एम, ६६०एम, ६८०एम, ७८०एम ही नावं या जातीतली.

दुसरी जात वेगळ्या चिपची. तिची मेमरी स्वतःची आणि वीज खायची मर्यादाही वेगळी. एनव्हिडियाची एमएक्स मालिका, जीटीएक्स १६५०, आरटीएक्स २०५०, ३०५०, ४०५० या चिप त्यात येतात.

इनबिल्ट म्हणजे टाकाऊ, असं समजू नका. आणि वेगळी म्हणजे भारीच, असंही नाही. एमएक्स मालिकेतल्या २ जीबीच्या जुन्या चिपपेक्षा आजची चांगली इनबिल्ट चिप पुढे जाते.

‘किती जीबी’ हा प्रश्न अर्धवट का?

ग्राफिक्सची मेमरी म्हणजे ट्रॉली आणि चिप म्हणजे ट्रॅक्टर. छोट्या ट्रॅक्टरमागे मोठी ट्रॉली जोडली म्हणून तो जास्त ऊस ओढत नाही. आरटीएक्स २०५० आणि सुरुवातीची आरटीएक्स ३०५० दोन्ही ४ जीबीच्याच, जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीची. तरी तिघींची ताकद सारखी नाही.

दुसरी गोष्ट पाइपाची. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पाइप दीड इंची असेल तर शेताला पाणी किती मिळणार? चिप आणि तिची मेमरी यांच्यामध्ये असाच एक रस्ता असतो. आरटीएक्स २०५० मध्ये तो ६४ बिट रुंद, तर ४ जीबीच्या ३०५० मध्ये १२८ बिट. त्यामुळे २०५० मध्ये सेकंदाला साधारण ११२ जीबी माहिती ये-जा करते आणि ३०५० मध्ये साधारण १९२ जीबी. गंमत म्हणजे दोन्हींचे गणित करणारे कोअर सारखेच आहेत, प्रत्येकी २०४८. नाव २०५० असलं तरी आतली चिप ३०५० च्याच पिढीची आहे, फक्त पाइप बारीक केलाय.

तिसरी गोष्ट विजेची. दोन शेतकऱ्यांकडे एकाच कंपनीची मोटर असली तरी एकाची तीन एचपी, दुसऱ्याची पाच एचपी असू शकते. लॅपटॉपच्या चिपचंही तसंच आहे. आरटीएक्स ३०५० ही चिप ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये बसवतात. आरटीएक्स ४०५० ३५ पासून ११५ वॅटपर्यंत जाते. आरटीएक्स २०५० मात्र ३० ते ४५ वॅटच्या आतच राहते. पातळ, हलक्या लॅपटॉपमधली ३५-४० वॅटची ३०५० ही जाड लॅपटॉपमधल्या ७५-८० वॅटच्या ३०५० च्या बरीच मागे पडते. डब्यावर दोन्हीकडे नाव एकच असतं आणि फसगत तिथेच होते.

खालून वर, पायरी-पायरीने

सगळ्यात खालची पायरी : इंटेल सेलेरॉन, एन१०० असे प्रोसेसर असलेले स्वस्त लॅपटॉप, आणि एएमडीचं रेडिऑन ६१०एम. एन१०० च्या ग्राफिक्समध्ये फक्त २४ युनिट असतात, तर ६१०एम मध्ये दोनच कंप्यूट युनिट. ऑनलाइन क्लास, टायपिंग, सिनेमा यासाठी ठीक. गेमसाठी हे घेऊच नका.

दुसरी पायरी : आय-थ्री १२१५यू मधलं यूएचडी, आय-फाइव्हमधलं ८० युनिटचं आयरिस एक्सई, आय-सेव्हनमधलं ९६ युनिटचं आयरिस एक्सई, आणि रायझन ५ ५५००यू किंवा ७५३०यू मधलं व्हेगा. यावर व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट, जुने क्रिकेट गेम, कमी सेटिंगवर जीटीए फाइव्ह चालतात. व्हॅलोरंट बनवणाऱ्या कंपनीने ३० एफपीएससाठी इंटेल एचडी ४००० एवढी जुनी चिपसुद्धा पुरते असं सांगितलंय. त्यामुळे फक्त व्हॅलोरंटसाठी गेमिंग लॅपटॉप घ्यायची गरज नाही.

तिसरी पायरी : एएमडीचं ६६०एम, त्याच्या वर ६८०एम आणि ७८०एम. शेवटच्या दोघांत १२-१२ युनिट आहेत. इंटेलच्या कोअर अल्ट्राच्या ‘एच’ मालिकेतलं आर्क ग्राफिक्सही याच रांगेतलं. इनबिल्ट असूनही ७८०एम जीटीएक्स १६५० च्या जवळ जाते. पण अट एकच, रॅम दुहेरी आणि वेगवान पाहिजे.

चौथी पायरी : जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स २०५०. दोघींची धाव साधारण एकसारखी. फरक असा की २०५० मध्ये डीएलएसएस ही सोय आहे. चित्र कमी ठिपक्यांत तयार करायचं आणि मग हुशारीने मोठं करून दाखवायचं, असं ते तंत्र. त्यामुळे ज्या गेममध्ये ही सोय दिलीय तिथे एफपीएस वाढतो. १६५० मध्ये ती नाही.

पाचवी पायरी : आरटीएक्स ३०५०. हिच्यातही दोन प्रकार. २०२१ सालची ४ जीबीची आणि २०२३ पासून आलेली ६ जीबीची. ६ जीबीवालीत कोअर २५६० आहेत. तिचा पाइप थोडा बारीक, ९६ बिटचा आहे, तरी नवीन गेमसाठी तीच बरी. कारण हल्लीच्या मोठ्या गेमना ४ जीबी मेमरी अपुरी पडते आणि मग चित्र मध्येच अडकतं.

सहावी पायरी : आरटीएक्स ४०५०. हिचीही मेमरी ६ जीबी, पण पिढी नवीन, वेग ठळक जास्त, आणि डीएलएसएसची फ्रेम जनरेशन ही पुढची सोयही मिळते. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०५० ही ८ जीबी मेमरीची. बजेट तिथपर्यंत ताणता आलं तर उत्तम, पण कर्ज काढून ताणू नका.

नावातली गंमत : ७५२० आणि ७५३०

एएमडीच्या नावात एक मोठी खाच आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, दोन्ही ‘रायझन ५’, दोन्ही ‘सात हजार’ मालिकेतले. आकड्यात फरक दहाचा. पण ७५२०यू मध्ये ४ कोअर आणि ६१०एम ग्राफिक्स, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. ७५३०यू मध्ये ६ कोअर आणि व्हेगा ग्राफिक्स. ७५३५एचएस घेतला तर त्यात ६६०एम येतं, म्हणजे आणखी एक पायरी वर.

या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तिथे २ असेल तर आतला माल जुन्या पिढीचा, ३ असेल तर त्याच्या पुढचा, ४ असेल तर नवा. दुकानदार “रायझन फाइव्ह आहे” म्हणाला की पूर्ण नंबर विचारा. ट्रॅक्टर घेताना नुसतं कंपनीचं नाव ऐकून कोणी घेत नाही, मॉडेल विचारतोच ना?

एक रॅम की दोन रॅम?

इनबिल्ट ग्राफिक्सवाला लॅपटॉप घेत असाल तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इनबिल्ट चिप लॅपटॉपच्या रॅमवरच जगते. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर डीडीआर४ ३२०० रॅममधून सेकंदाला २५.६ जीबी माहिती जाते. तीच ४-४ जीबीच्या दोन पट्ट्यांत असेल तर ५१.२ जीबी, सरळ दुप्पट. विहीर तीच, पाइप दोन.

इंटेलच्या बाबतीत तर नावच बदलतं. आयरिस एक्सई असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच पट्टी असेल तर विंडोज त्याला आयरिस न दाखवता नुसतं ‘यूएचडी’ दाखवतं. पुष्कळ लोकांना वाटतं दुकानदाराने चिप बदलली. चिप तीच असते, फक्त दुसरी पट्टी नसते. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर त्यात तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची पट्टी टाकून घ्या. कमी खर्चात गेमचा वेग वाढवायचा याहून सोपा उपाय नाही. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाखलेली असते, तिथे हे जमत नाही. घेण्याआधीच विचारा.

‘१२ जीबी ग्राफिक्स’चा घोळ

काही ठिकाणी स्क्रीनवर आकडा दाखवून सांगतात, “बघा, बारा जीबी ग्राफिक्स.” विंडोज ग्राफिक्सची एकूण मेमरी दाखवताना चिपची स्वतःची मेमरी आणि रॅममधून घेता येणारी उसनी मेमरी यांची बेरीज करतं. उसनी मेमरी साधारण रॅमच्या निम्मी धरतात. म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर ८ उसनी, चिपची ४, झाले १२. पैसे मोजायचे ते ‘डेडिकेटेड’ लिहिलेल्या आकड्याचे. ‘शेअर्ड’ म्हणजे आपल्याच कणगीतून काढून आपल्यालाच दाखवलेलं धान्य.

दुकानातच तपासा, लाजू नका

लॅपटॉप सुरू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा.

जीपीयू लिहिलेल्या ठिकाणी चिपचं नाव दिसेल. जीपीयू शून्य आणि जीपीयू एक असे दोन दिसले तर एक इनबिल्ट आणि एक वेगळी आहे. एकच दिसलं आणि नाव इंटेल यूएचडी असेल, तर वेगळी चिप नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मेमरीवर टिचकी मारली की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ‘दोनपैकी एक’ असेल तर पट्टी एकच आहे.

वॅट बघायचे असतील तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा. तिथे जास्तीत जास्त ग्राफिक्स पॉवर किती वॅट, ते लिहिलेलं असतं. दुकानात शक्य नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलचं पान मोबाइलवर उघडून बघा.

एकाच किमतीचे दोन लॅपटॉप

समजा दोन लॅपटॉप एकाच किमतीत आहेत. पहिल्यात आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, पण ग्राफिक्स आयरिस एक्सई. दुसऱ्यात रायझन ५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, पण आरटीएक्स ३०५०. आकडे बघितले तर पहिलाच भारी वाटतो. दुकानदारही तोच पुढे करेल.

गेमसाठी मात्र दुसरा घ्यावा. कारण त्याची रॅम उद्या वाढवता येईल, एसएसडीही वाढवता येईल. पहिल्यात आरटीएक्स कधीच बसवता येणार नाही. उलट घरात कोणी गेम खेळत नसेल, काम अकाउंटचं, टायपिंगचं किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या अभ्यासाचं असेल, तर पहिला बरा. तो हलका असतो आणि बॅटरीही जास्त टिकते.

आपल्याकडची वेगळी गणितं

गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालत नाही. चार्जर काढला की चिप स्वतःहून वीज कमी घेते आणि एफपीएस घसरतो. म्हणजे भारनियमनाच्या वेळी गेम विसरा. चार्जर जड असतो, त्याला तीन पिनचा नीट अर्थिंग असलेला प्लग द्या.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२-४५ वर जातो. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर ठेवून खेळू नका, खालची हवा बंद होते. टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उचला. घरात धूळ जास्त असेल तर वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

तिसरं गणित डेटाचं. फोर्झा होरायझन ५ ला ११० जीबी जागा लागते, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी. रोज २ जीबीचा मोबाइल पॅक असेल आणि तो सगळा गेमवरच घातला, तर पहिला उतरायला ५५ दिवस आणि दुसरा उतरायला ७५ दिवस. गावात फायबर आलेलं नसेल तर हे आधीच ध्यानात घ्या. पेनड्राइव्हमधून मिळणारे फुकटचे फोडलेले गेम टाकू नका. त्यातून व्हायरस येतो, आणि त्याच लॅपटॉपवर घरातल्या कोणाचं बँकेचं काम चालत असेल तर नुकसान गेमपुरतं राहत नाही.

आणि एक. फ्री फायर, बीजीएमआय हे मुळात मोबाइलचे गेम आहेत. पोराला फक्त तेच खेळायचे असतील, तर त्यासाठी गेमिंग लॅपटॉपवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

सेटिंग बदला, फरक पडतो

ज्यांनी आधीच साधा लॅपटॉप घेतलाय त्यांनी निराश व्हायचं कारण नाही. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. ठिपके २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात, म्हणजे चिपचं काम निम्म्याहून कमी. सावल्या ‘लो’ करा. मेमरी ४ जीबी असेल तर टेक्स्चर ‘मीडियम’ ठेवा. गेममध्ये एफएसआर नावाचा पर्याय दिसला तर चालू करा, तो सगळ्या कंपन्यांच्या चिपवर चालतो. मागे उघडलेलं ब्राउझर बंद करा, कारण ८ जीबी रॅममधली बरीचशी विंडोजच खातं.

दुकानात जाताना हे कागदावर लिहून न्या

१. प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय?
२. ग्राफिक्स चिपचं पूर्ण नाव काय, आणि डेडिकेटेड मेमरी किती?
३. चिप किती वॅटची?
४. रॅमच्या पट्ट्या किती, दुसरा स्लॉट रिकामा आहे का?
५. पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर मॉडेल नंबर, सिरियल नंबर मिळेल का?

पाचही उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. “ते सगळं सेमच असतं हो” असं उत्तर आलं तर शांतपणे दुसऱ्या दुकानात जा. बियाणं घेताना आपण पिशवीवरचा लॉट नंबर वाचतो, तारीख बघतो, बिल मागतो. लॅपटॉपचे पैसेही त्याच शेतातून आलेले असतात.